चुरमुऱ्यांच्या भरवशावर

मी महाडच्या शाळेत मास्तर होतो, पण शिकवण्यापेक्षा मला मासे धरण्याचा नाद अधिक. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर देखरेखीला असलेल्या एका गोऱ्या इंजिनिअरने बदली होऊन जाताना आपली गळाची काठी मला दिली होती. गळाला कोंबड्याची पिसं बांधून मी आमिषाला खोट्या माश्या करी. बायको म्हणे, एवढं लक्ष मुलांच्या वह्यांत घातलं असतं तर एव्हाना हेडमास्तर झाला असतात.

आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा ती नवस बोलली, दर पुनवेला कोंडातल्या देवीच्या माशांना चुरमुरे घालीन. कोंड म्हणजे नदीतला खोल डोह; त्यातल्या माशांना कुणी हात लावत नसे. खालच्या खडकांच्या ओळीपलीकडे मात्र ज्याला जे मिळेल ते त्याचं. सातव्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा मी काठी घेतलीच. ती वर चुरमुरे टाकत होती, मी खडकांपलीकडे दोरा फेकत होतो. चुरमुरे वाहत खाली येतात आणि त्यांच्यामागे मासेही येतात, एवढी अक्कल मला नव्हती. माझी माशी पांढऱ्या पिसांची होती.

हातभर मासा लागला. तोंड उघडून पाहिलं तर गळ दिसेना, नुसता दोरा घशात गेलेला. माणसाच्या हातचं खायची सवय. बिचाऱ्याने चुरमुरा समजून खुशाल गिळला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळ काढायला मी दोरा ओढू लागलो, तशी ती घाईघाईने पाण्यात उतरली. ती नाते गावची. एरवी माझ्याशी शहरी बोले, तेव्हा विसरली.

“ओढून नाय काढायचा. आत फाटल. दोरा कापा, गळ ऱ्हाऊ दे.”

मी दोरा तोंडाशी कापला. मासा आडवा पडत होता. तिने त्याला पोटाखालून अलगद धरलं, तोंड प्रवाहाकडे केलं आणि गुडघाभर पाण्यात तशीच वाकून राहिली. अवघडलेली बाई, पाणी गार. मी धरतो म्हटलं तर तिने नको म्हणून मान हलवली. हा मासा मेला तर तिच्या मनात काय येईल ते मला कळत होतं, आणि मी फार घाबरलो होतो. बऱ्याच वेळाने कल्ले नीट हलू लागले. शेपटी तिच्या मनगटावर आपटून तो गेला.

तरी ती उठेना. “उलटा तरंगत नाय ना येत, बघू जरा,” म्हणाली. ऊन उतरेपर्यंत आम्ही पाहिलं. नाही आला.

काठावर बाया धुणं धूत होत्या. चारचौघांत बायकोचा हात धरायचे ते दिवस नव्हते. मी तिचा गारठलेला हात धरला, आणि बैलगाडीपर्यंत सोडला नाही.