शांतवन मास्तरांचा खटका

नेवाशाच्या बाजारात बैल बघत होतो, तेवढ्यात सोनईहून माझा गडी धापा टाकत आला. "तात्या, शांतवन मास्तर गेले." मी त्याच्यावरच डाफरलो. काल संध्याकाळी तर हा माणूस माझ्या गोठ्यात उभा राहून माझ्या गुरांना नावं ठेवून गेला होता... आता महिना होत आला, तरी शाळेवरून जाताना मान आपोआप त्यांच्या ओसरीकडे वळते.

आमची दोस्ती जमली ती रेडिओमुळं. मी तो हौसेनं नगरहून आणला आणि पहिल्याच पावसाळ्यात वाट लावली. वीज कुठं लांब पडली, पण आवाज पकडायला छपरावर बांधलेल्या तारेतून झटका आला आणि आतलं सगळं जळालं. दुरुस्त करून आणला तेव्हा मास्तर म्हणाले, "तात्या, हा माझ्या घरी राहू द्या. तुम्ही गुरं सांभाळा." त्यांनी खिडकीशी खटका बसवला. मूठ वर केली की तार रेडिओला, खाली ओढली की रेडिओ मुका आणि तार थेट जमिनीत. तिथं तांब्याचा पत्रा पुरलेला, भोवती मीठ आणि कोळसा. ती जागा ओली राहावी म्हणून मास्तर रोज घागरभर पाणी घालायचे. तिथं काहीतरी दैवत असणार, असं धरून गल्लीतल्या बायका हळदकुंकू वाहू लागल्या. मिशनच्या मास्तरांच्या दारात हळदकुंकू! मी पोट धरून हसलो. ते म्हणाले, "वाहू द्या हो, सोबत तांब्याभर पाणीही घालतात."

मग पलटणीत गेलेला त्यांचा मुलगा योहान लढाईत बेपत्ता झाला. सरकारनं एवढंच कळवलं. शत्रूच्या हाती सापडलेल्या पोरांची नावं रेडिओवर सांगतात असं कुणीतरी बोललं, आणि हा हसरा माणूस रोज संध्याकाळी त्या डब्याला कान लावून बसू लागला. शेजारी त्यांची बायको, सालोमीवहिनी.

हस्ताचे दिवस होते. नावं चालू असताना आभाळ गरजलं. मास्तर उठले, खटक्याची मूठ धरली, पण हात काही हलेना. वहिनी ओरडल्या, "वढू नका! नावं चाललीत!" पुन्हा कडाडलं. मास्तरांनी डोळे मिटून मूठ खाली ओढली. थोड्याच वेळात समोरच्या चिंचेवर वीज पडली. रेडिओ वाचला. वहिनी मात्र कित्येक दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

लढाई संपली, गावातली बाकीची पोरं परतली. योहान नाही आला. चालता चालता मास्तर मध्येच थांबायचे. "तात्या, तेवढ्यात त्याचं नाव येऊन गेलं असेल का हो?"

"आलं असेल तर जिवंत आहे, येईल की!" मी करवादायचो. दुसरं काय बोलणार... मलाच रडू फुटायचं.

त्या दिवशी बाजारातून त्यांच्या घरी पोचलो तेव्हा पाळकसाहेब प्रार्थना म्हणत होते. बाहेर अंधारून आलं होतं. वीज चमकली, पण कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. वहिनी मास्तरांच्या उशाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, बायकांना बाजूला सारत खिडकीशी गेल्या आणि मूठ खाली ओढली. दुःखानं यांचं डोकं फिरलं असं वाटून कुणीतरी त्यांना धरायला धावलं.

"सोडा मला," त्या म्हणाल्या. "डबा जपाया पायजे. योहानचं नाव यायचं हाय अजून."