भिंतीवरचा मंगळवार

दिवाळीनंतरचा एक मंगळवार. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या डायलिसिस वॉर्डात मी आमचं काम बघायला गेलो होतो... खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेलो होतो.

मी पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर. स्वतः ब्रश मारत सुरुवात केली, आता हाताखाली माणसं आहेत. डॉक्टर म्हणाले होते, पेशंट चार-चार तास पडून असतात, समोरच्या भिंतीवर काहीतरी स्वर्गासारखं काढा.

स्वर्ग म्हटल्यावर मी फार डोकं लावलं नाही. आर्ट कॉलेजात शिकलेल्या आमच्या मयूरीला सांगितलं, हिरवे डोंगर आणि मधोमध मोठा धबधबा. तिचा हात असा, की बघणाऱ्याला तुषार अंगावर आल्यासारखं वाटावं.

वॉर्डात शिरलो तर खिडकीजवळच्या बाई भिंतीकडून तोंड फिरवून पडलेल्या. गिरजाबाई. कळमेश्वरच्या पुढच्या एका खेड्यातून आठवड्यातून तीनदा येतात. मी डॉक्टरांशी बोलत होतो, पण माझे कान पहिल्यापासूनच आगाऊ... बाई मुलाला हळू आवाजात सांगत होत्या,

"पुढच्या हप्त्यापासून मले आणू नको गा. घरी तू पाणी मोजून देतं, अन् इथं हे समोर वाहून राहिलं. नाही होत आता."

मुलगा त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होता.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं. किडनी चालत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून यांना दिवसभराचं पाणी मोजून. आणि मी त्यांच्यासमोर धबधबा सोडून मोकळा झालो होतो.

बाईंची माफी मागितली. म्हटलं, रविवारी पुसून टाकतो, त्या जागी आपली संत्र्याची बाग काढू. पलीकडच्या बेडवरचे काका म्हणाले, "संत्रं बी बंदच आहे आम्हाले, भाऊ." सगळा वॉर्ड हसला. गिरजाबाईसुद्धा.

मयूरी सोबत होती. तिने सरळ विचारलं, "आजी, मग तुम्हीच सांगा, काय काढू?"

त्या भिंतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरते. तीन वर्सं झाले, मंगळवारी मी इथंच."

काय घ्यायचंय बाजारात, मी विचारलं.

"काही नाही घ्याचं. नुसती फिरीन."

रविवारी वॉर्ड बंद असतो. धबधब्यावर आम्ही बिनवासाचा पांढरा मारला आणि मयूरीने बाजार मांडायला घेतला. पहिल्या रविवारी पिंपळाचा पार आणि मिरच्यांचे ढीग, एवढंच झालं.

मंगळवारी गिरजाबाई आल्या आणि पार निरखून पाहिला. म्हणाल्या, पाराजवळ मिरचीवाले नसतात, तिथं बांगडीवाली बसते. पुढच्या रविवारी मयूरीने मिरच्या हलवल्या. मग बाकीच्या बेडवरून फर्माइशी सुरू झाल्या. काकांना भज्यांची कढई हवी होती... खाता नाही आली तरी बघता येईल म्हणाले.

परवा मयूरीला विचारलं, एवढीशी भिंत, दीड महिना झाला, संपत कशी नाही? ती म्हणाली, "चित्रातल्या गिरजाआजी अजून बाजारात पोचल्याच नाहीत, रस्त्यावरच आहेत. लुगडं कोणत्या रंगाचं काढू विचारलं, तर त्या विचारात पडल्या. म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगा."

तारखेच्या आत काम हातावेगळं करणारा माणूस म्हणून मी नाव कमावलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन करून सांगितलं, डॉक्टर, भिंतीला अजून वेळ लागेल. त्यांनीही कारण विचारलं नाही.

मी स्वर्ग कॅलेंडरवरून उचलला होता. ज्यांना रोज त्याच्याकडे बघायचंय त्यांना आधी विचारावं, हे मयूरीला कळलं, मला नाही. पोरीचे आभार मानावेत तितके थोडे...

आज मंगळवार. गिरजाबाई येऊन गेल्या. लुगडं हिरवं सांगितलंय.

काठ कोणते, ते पुढच्या मंगळवारी सांगणार आहेत.