ज्वारीच्या शेतापाशी थांबलेली मोटार

नातू अंगणात गाडीचं इंजिन उघडून बसला, की तापलेल्या तेलाच्या वासानं माझं मन मंगळवेढ्याच्या रस्त्यावर जातं. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे तेव्हा सोलापूरला प्रवाशांची जुनी मोटार चालवायचे. त्या दुपारी मीही मोटारीत होते. मागच्या बाकावर एक अडलेली पोर कण्हत होती, शेजारी तिचा सासरा बसला होता. तिला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ज्वारीच्या शेतापाशी इंजिनाचा जोर गेला आणि मोटार थांबली.

पुन्हा चालू करताना पुढून फिरवायचं हँडल उलटं फिरलं आणि ह्यांचं मनगट सुजलं.

"व्हॉल्व्ह पुरते मिटत न्हाईत," हे म्हणाले. "पाना माझ्या हातात ठरंना. तूच फिरव. घरी मला करताना बगितलंयस की."

"बाईमाणसाला जमंल का?" पोरीच्या सासऱ्यानं घाबरून विचारलं.

"जमंल," हे म्हणाले.

पदर खोचून मी वाकले. धग तोंडावर येत होती, बोटं भाजत होती. प्रत्येक व्हॉल्व्हखालच्या फटीत मापासाठी मी पोस्टकार्ड सरकवून बघत होते. ते जरासं अडकत सरकलं, की नट आवळत होते.

सासऱ्यानं हँडल मारलं आणि इंजिन एका लयीत धडधडू लागलं.

दवाखान्यात बाळाचं रडणं ऐकल्यावर त्या म्हाताऱ्यानं ह्यांना हात जोडले.

"मला न्हाई, हिला जोडा," हे म्हणाले.

तेव्हा मी लाजून ह्यांच्या मागं लपले होते. आता मात्र कुणी विचारायची वाट बघत नाही. नातवाला, शेजारणींना, सगळ्यांना आपणहून सांगते, ती मोटार मी चालू केली होती.