वीतभर स्वच्छ भिंत

घराच्या दर्शनी भिंतीला लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून आम्हाला बरीच वर्षं झाली. काल त्या धुऊन देणारा एक माणूस दारात आला. मी दर विचारला, तर म्हणाला, “आधी नमुना बघा, साहेब.” त्याने दाराशेजारी वीतभर जागा फडक्याने पुसली आणि खालून मधासारखा रंग वर आला. मग त्याने खिडक्याही भिंतीतच मोजून चौरस फुटाच्या दराने एकूण रक्कम सांगितली. मी “कळवतो” म्हटलं. तो मान हलवून निघून गेला.

तेव्हापासून मला चैन नाही. परवापर्यंत ही भिंत मळलेली नव्हती, निदान मला तशी दिसत नव्हती. काही माणसं आपल्या आयुष्यातही अशीच येतात. वीतभर जागा उजळून जातात आणि उरलेल्याचं काय करायचं, ते आपल्यावर सोडतात.

आज संध्याकाळी न राहवून मी कुंडीतली ओली माती त्या पुसलेल्या जागेवर चोळायला लागलो. तेवढ्यात बायको बाहेर आली. मी हात मागे घेतला.

“वाळली की गळून पडते ती,” ती म्हणाली. “मी सकाळीच लावून पाहिली.”