सुभेदारांच्या गाडीचा वायपर

गाडी उघडून परत जोडली की एखादा स्क्रू उरतोच. तो कुठला हे आठवत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून डब्यात जातो. कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये असे डबेच्या डबे भरलेत. किस्स्यांचंही तसंच. गाड्यांची वायरिंग करता करता ते उरत गेले. त्यातले निम्मे एकट्या सुभेदारांच्या गाडीचे, आणि त्यातही नुसत्या वायपरचे.

सुभेदार पलूसचे. पलटणीतून रिटायर झाले त्या वर्षी घेतलेली पांढरी गाडी अजून चालवतात. गाडी धुतात स्वतः, पुसतात स्वतः. बिघडवायला मात्र सगळे हातभार लावतात.

*

पहिल्यांदा आले ते भर पावसात. बटण दाबून वायपर हलत नव्हता, पण उजवा इंडिकेटर लावला की प्रत्येक उघडझापीला एक झटका मारायचा. अर्थिंग ढिलं झालं की करंट भलत्याच वायरीतून वाट काढतो, त्यातला प्रकार. सुभेदारांनी त्यावर तोडगा काढला. पलूसपासून इंडिकेटर लावला तो लावलाच.

मागच्यांना वाटायचं, म्हातारा वळणार. प्रत्येक फाट्याला मागची रांग थांबायची आणि सुभेदार सरळ जायचे. माधवनगरजवळ एका टेम्पोवाल्याचा धीर सुटला. त्यानं गाडी शेजारी घेतली आणि खिडकीतून डोकं काढलं. "आवं काका, वळा की एकदाचं. आमाला घरला जायाचं हाय."

"वळायला न्हाई लावलेला," सुभेदार म्हणाले, "वायपरला लावलाय."

मी अर्थिंगचा बोल्ट घासून दिला आणि स्वतःवर फार खूश झालो. तो आनंद पुढच्या पावसापर्यंत टिकला.

*

माझ्या शेजारी बापूचं लेथ मशीन आहे. बापूला गाडीतलं काही कळत नाही आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मी एका लग्नाला गेलो होतो आणि नेमके सुभेदार आले. वायपर लावला की फ्यूज उडत होता. बापूनं फ्यूज काढून फेकला आणि त्या जागी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा बसवला.

"कंपन्या फ्यूजच लय नाजूक घालत्यात," बापू म्हणाला. "आता ह्यो जन्मात जाणार न्हाई."

खरंच गेला नाही. स्विच गेला, रिले गेला, डॅशबोर्डखाली वायरींचा गठ्ठा वितळून त्याची वडी झाली. तार मात्र चकचकीत राहिली. बापूनं ती जपून ठेवलीय. नवीन गिऱ्हाइकाला दाखवतो आणि म्हणतो, "काम करावं तर असं."

*

सुभेदारांचा मुलगा अविनाश पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मी सगळी वायरिंग नवी केली तरी वायपर मधेच थांबायचा, मधेच चालायचा. मग अविनाशनं पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर दुरुस्ती हाती घेतली.

"बाबा, मोबाईल काचेजवळ धरा. अजून जवळ. मला मोटरचा आवाज येऊ द्या."

सुभेदारांनी बॉनेटवर ओणवं होऊन मोबाईल काचेला चिकटवला. वायपरला नेमकी तेव्हाच जाग आली. पात्यानं मोबाईल असा भिरकावला की तो थेट गटारात. पुण्यात ऐकू गेलेलं शेवटचं वाक्य होतं, "चालू झाला बग."

चार दिवसांनी सुभेदार आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. अविनाशनं नवी गाडी घेतली होती, आणि फर्मान काढलं होतं. गणपतीच्या सुट्टीला नातीला पाचगणीच्या हॉस्टेलवरून आणायला दोन्ही गाड्या काढायच्या. घाटात जिचा वायपर बंद पडेल ती गाडी भंगारात. म्हाताऱ्याची पडली, तर म्हाताऱ्यानं स्टेअरिंगला परत हात लावायचा नाही. त्याच्या नव्या गाडीत मागं बसायचं.

"बर्फात कॉन्व्हॉय न्हेलाय मी," सुभेदार म्हणाले. "आता मागं बसून काय करू रं? भाजीची पिशवी धरू?"

मला वाईट वाटलं. अविनाशचा रागही आला. पण रागानं वायपर फिरत नाही.

*

सुभेदारांना जरा हसवावं म्हणून मी त्यांना तासगावच्या एका द्राक्षबागायतदाराचा किस्सा सांगितला. दसऱ्याला त्यानं नव्या गाडीला झेंडूचा हार घातला. बॉनेटभर हार, आणि दोन्ही टोकं वायपरच्या बुडाशी करकचून बांधलेली. फुलं वाटेत उडून गेली, नायलॉनचा दोरा राहिला. पाऊस आल्यावर वायपरनं तो दोरा स्वतःभोवती असा गुंडाळून घेतला की मोटरच जळाली. गाडी टोचन करून आणली तर पुढच्या सीटवर प्रसादाचे पेढे.

सुभेदार हसले नाहीत. चहा संपवला आणि एवढंच विचारलं, "नायलॉनचाच दोरा हुता न्हवं?"

*

जायच्या आदल्या दिवशी ते बायकोला, म्हणजे काकींना, घेऊन आले. मी बॉनेट उघडलं तर अर्थिंगच्या बोल्टला तारेनं लिंबू-मिरची लटकवलेली. बोल्ट हिरवा पडलेला, वायर कुजलेली. दर शनिवारी काकी नवी लिंबू-मिरची बांधायच्या आणि माझ्याकडे येताना सुभेदार ती लाजून काढून ठेवायचे. त्या दिवशी काकी बरोबर होत्या, म्हणून राहिली.

"काकी, लिंबू बंपरला बांधायचं असतं."

"दिष्ट वायपरला लागलीया, मग बंपरला कशाला?"

लिंबाचा रस गळून अर्थिंग खाल्लं जातं, म्हणून वायपर थांबतो, हे मी समजावलं. वायपर जास्त थांबायला लागल्यापासून काकी दोन लिंबं बांधत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी लिंबू हुतं म्हणून तुला बोल्ट तरी घावला."

मी नवी वायर घातली आणि बोल्ट दुसरीकडे काढला. वायपर फिरायला लागला.

*

पाचगणीहून परत आले तेव्हा सुभेदारांची गाडी पुढे होती. मागे टोचनवाल्याच्या ट्रकवर चढवलेली अविनाशची नवीकोरी गाडी. सुभेदार स्टेअरिंगवर, शेजारी नात, आणि मागच्या सीटवर काकींशेजारी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन अविनाश.

"पसरणी घाटात वायपर जाम झाला," अविनाश म्हणाला. "या गाडीचे वायपर पाऊस आला की आपोआप चालू होतात, मेस्त्री. चालू झाले, फिरले, आणि धूर. काच पुसत पुसत घाट उतरलो, पाऊस थांबेना म्हणून खाली टोचन बोलावलं. बघा जरा काय झालंय ते."

मी बघितलं. वायपरच्या बुडाशी नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला होता. त्यात झेंडूची एक पाकळी अजून अडकलेली होती.

"हार कुणी बांधला होता?" मी विचारलं.

"बाबांनीच. नवी गाडी पहिल्यांदा गावात आणली म्हणून सकाळी पूजा केली. मी म्हटलं राहू द्या, पण त्यांची केवढी हौस."

सुभेदार आपल्या गाडीची काच फडक्यानं पुसत होते. पुसून झाल्यावर फडक्याची नीट घडी घातली आणि माझ्याकडे वळले.

"मेस्त्री, चांगला भंगारवाला कुपवाडातच घावंल, का मिरजंला जावं लागंल रं?"