नऊ तासांचं विमान

माझा थोरला भाऊ सोफे दुरुस्त करतो. जुनं कापड फाडून काढायचं, स्पंज बदलायचा, नवं रेक्झीन ताणून खिळे मारायचे. कव्हरं मी शिवते. काम करताना दादा बारीक खिळे तोंडात धरतो आणि नको तो प्रश्न आला की आणखी दोन कोंबतो, म्हणजे बोलायला नको.

त्याचा मुलगा, माझा भाचा, लग्न करून परदेशी गेला त्याला सहा वर्षं झाली. एकदाही घरी आला नाही. कुणी विचारलं की दादाचं उत्तर ठरलेलं असे. फार लांब आहे हो ते शहर, तीन विमानं बदलावी लागतात, दोन दिवस मोडतात आणि उतरल्यावर माणूस आठवडाभर अंथरुणातून उठत नाही. तो आठवडा दादाने पदरचा घातला होता, पण सगळ्यांना पटायचं. मलाही. भाचा मला फोन करायचा. यायचं नाव काढलं की विषय बदलायचा. मी मनात म्हणायचे, एवढ्या लांबून पोरगं तरी काय करणार.

मग दुकानाच्या बरोबर समोर विमान कंपनीची भलीमोठी जाहिरात लागली. आपलं शहर, ते शहर, मध्ये विमान आणि खाली ठळक अक्षरांत, 'आता थेट, फक्त नऊ तास'. झालं. दादाच्या तोंडचं पाणीच पळालं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्याचं अभिनंदन करू लागलं. शेजारचा न्हावी तर रोज विचारायचा, काय मग, कधी येतोय पोरगा? दादा रस्त्याकडे पाठ करून बसायला लागला. दाढीचं जंगल झालं तरी न्हाव्याकडे जाईना. मला त्याची कीव यायची आणि भाच्याचा राग. मुलगा येत नाही तर बापाने का लाजावं?

एका दुपारी माझं डोकं फिरलं. मशीन थांबवलं, भाच्याला फोन लावला आणि दादालाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. सरळ झाडायलाच सुरुवात केली. नऊ तासांत येता येतं, आता कुठलंही निमित्त चालणार नाही, तुझ्यापायी बापाला तोंड लपवत फिरावं लागतंय.

"आत्या, मी आत्ता इथेच आहे," तो म्हणाला. "सासऱ्यांकडे. दर वर्षी येतो."

त्याचे सासरे आमच्याच शहरात दुसऱ्या टोकाला राहतात. बसने पाऊण तास.

"आणि आम्ही काय मेलो होतो का रे?"

"बाबांनीच सांगितलंय, हिच्याशी लग्न केलंस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. तुला माहीत नाही?"

मला कुठून माहीत असणार? तेव्हा मी माझ्या सासरी होते, आणि दादाने त्यातलं चकार शब्दानेही सांगितलं नव्हतं. सहा वर्षं मी उगाच विमानांना नावं ठेवत होते.

मी दादाकडे पाहिलं. एकेक खिळा तोंडातून काढून तो समोर ठेवत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लाजेने तो इतका आक्रसला होता की मला ओरडायचा धीर होईना.

फोन त्याच्यापुढे धरून मी हळूच म्हटलं, "ये म्हण त्याला."

"कोणत्या तोंडाने म्हणू गं?" दादा म्हणाला.

फोन चालूच होता.

"बाबा?" पलीकडून आवाज आला.