केंदांग, बूट आणि चार मिनिटांची सीडी

तीस वर्षं बातमीदारी केली. बातमी तीन इंचांत छापून येते. तिच्यामागे जो खुळेपणा चालतो त्याला संपादक जागा देत नाही. तो वहीत साचत राहतो. माझी अर्धी वही इथे परदेशात, आमच्या स्कारबरो उपनगरात राहणाऱ्या दादांगने भरली आहे.

दादांग मूळचा बांडुंगचा, जावा बेटाच्या पश्चिमेकडच्या सुंदा लोकांतला. आठवडाभर एअरपोर्टजवळच्या गोदामात काम, रविवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये केंदांग. केंदांग म्हणजे आपल्या ढोलकीची थोरली बहीण. त्यावर त्याची मुलगी नेनेंग जैपोंगान नाचायची. त्याला एवढंच हवं होतं, की शहराच्या हेरिटेज फेस्टिव्हलमध्ये मुलीच्या नाचाला आपण स्वतः वाजवावं.

*

अर्जात रकाना होता: 'परंपरा किती जुनी?'

दादांगने लिहिलं, 'माझ्याहून लहान.' खरंच होतं. खेड्यातल्या जुन्या नाचाला नवा ताल देऊन जैपोंगान तयार झालं, तेव्हा त्याला मिशा फुटलेल्या होत्या.

फेस्टिव्हलच्या लिंडाबाईंचा फोन आला. "'प्राचीन' असं लिहाल का? नाहीतर हेरिटेजमध्ये बसत नाही."

दादांगने दुरुस्ती पाठवली: 'वाजवणारा प्राचीन आहे.'

अर्ज मंजूर झाला.

*

रंगीत तालीम म्हणून मी दोघांना आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बोलावलं. सेक्रेटरी पुण्याचे, रिटायर्ड इंजिनियर. नेनेंगला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, कंबर जरा कमी. फॅमिली क्राउड आहे."

"अंकल, आमच्याकडचे सरकारी साहेबही हेच सांगायचे," नेनेंग म्हणाली. "पहिल्या रांगेत बसून."

तिच्यानंतर आमच्याच बायकांची लावणी झाली. सेक्रेटरींनी दोनदा वन्समोअर घेतला. मी हे जसंच्या तसं छापलं. तेव्हापासून मंडळात आमचा पेपर येत नाही.

*

मग इन्शुरन्सचा नियम निघाला: स्टेजवर बूट सक्तीचे. केंदांगवर अनवाणी टाच दाबून सूर चढवतात, उतरवतात.

दादांगने शांतपणे विचारलं, "बाई, तुमच्या पियानोवाल्याला हातमोजे घालायला लावता का?"

लिंडाबाईंनी प्रश्न लिहून घेतला. कमिटीपुढे ठेवते म्हणाल्या.

कमिटीने तोडगा काढला: वाजवायचंच नाही. सीडी लावू, चार मिनिटांत संपेल. दादांगने बूट घालून केंदांगसमोर नुसतं बसावं, फोटोत छान दिसतं.

मी भांडलो. "अहो, ह्या नाचात ढोल मुलीच्या खांद्याकडे बघून वाजतो. सीडीला डोळे आहेत का?"

"चार मिनिटांचा तर प्रश्न आहे," लिंडाबाई म्हणाल्या.

दादांगने मान डोलावली. मला त्याचाही राग आला.

*

फेस्टिव्हलच्या दिवशी सीडी सुरू झाली. नेनेंग मोजूनमापून, गोड नाचली. दोन मिनिटांनी ती मध्येच थांबली. सीडी एकटीच वाजत राहिली. लोक चुळबुळायला लागले. नेनेंगने बापाकडे बघत एक खांदा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

दादांगने बूट काढला.

पंधरा मिनिटं झाली तरी नाच संपेना. खुर्च्या सोडून लोक स्टेजला येऊन टेकले होते. लिंडाबाई घड्याळ दाखवत साउंडवाल्याकडे धावल्या. "बंद कर ते!"

तो खुर्चीत रेलून स्टेजकडे बघत होता.

"काय बंद करू, मॅडम? माझ्याकडचं केव्हाच बंद आहे."